किडे खाणारी आणि दुसऱ्याच्या जिवावर जगणारी झाडं: इंदूरच्या गच्चीत जगवायची कशी, बागेत ओळखायची कशी

दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच की व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानं मिटून किडे पकडणारं झाड, आणलं होतं, महिन्याभरात काळं पडलं, काय चुकलं. मी विचारते कशात लावलं, तर उत्तर ठरलेलं, छान शेणखत मिसळून काळी माती आणि रोज नळाचं पाणी. आणि याच घराच्या कुंपणावर ड्युरांटाला पिवळी अमरवेल चढलेली असते तर तिच्याबद्दल म्हणतात की राहू दे, शोभा येते. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून जाते, या झाडाला नेमकी कसली भूक आहे ते कुणी बघतच नाही. ते एकदा कळलं ना की पाणी कुठलं, माती कसली, कात्री कुठे चालवायची, हे सगळं आपोआप सुचायला लागतं, पाठ करावं लागत नाही.

आधी भूक समजून घ्या

किडे खाणारं झाड पोट भरायला किडे खात नाही. त्याची पानं हिरवी आहेत, साखर ते आपल्या गुलाबासारखीच उन्हात बसून बनवतं. त्याला कमी पडतं ते नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण ते जिथलं आहे तिथल्या जमिनीत हे जवळजवळ नसतंच, पाऊस सतत धुऊन नेतो. साताऱ्याजवळचं कासचं पठार घ्या, जांभा दगड, त्यावर बोटभर आंबट माती आणि चार महिने वाहतं पाणी. तिथे ड्रॉसेरा म्हणजे दवबिंदू आणि सीतेची आसवं ही जांभळी किडेखाऊ फुलं सुखात असतात. आपल्याकडे पचमढीला सुद्धा ड्रॉसेरा आहे.

आता सापळा बनवणं स्वस्त काम नाही, ज्या पानानं साखर बनवायची ते पान चिकट द्राव आणि पाचक रस बनवण्यात खर्च होतं. हा सौदा परवडतो फक्त जिथे ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि मातीत काहीच नाही तिथे. सावलीत नाही परवडत, कोरड्यात नाही परवडत, आणि सुपीक जमिनीत तर गरजच नाही. ऊन, पाणी आणि उपाशी माती, पुढचं सगळं यातूनच येतं.

परजीवी झाडाची गोष्ट उलटी. ते दुसऱ्या झाडाच्या खोडात किंवा मुळात चूषक मुळं घुसवतं आणि आतल्या नळ्यांना आपली नळी जोडतं. बांडगूळ आणि चंदन यांना हिरवी पानं असतात, ती साखर बरीचशी स्वतः बनवतात, चोरतात मुख्यतः पाणी आणि क्षार, म्हणून यांना अर्धपरजीवी म्हणतात. अमरवेल आणि बंबाखू (मोहरी-वांग्याच्या मुळांवर जगणारं तण) यांना पानं नावालाच, ती साखरसुद्धा यजमानाकडूनच घेतात. फुलझाडांच्या जेवढ्या जाती जगात आहेत त्यातल्या साधारण १ टक्का परजीवी आहेत, म्हणजे हा प्रकार काही दुर्मिळ नाही, तुमच्या कॉलनीत फेरी मारलीत तर एकदोन नक्की दिसतील.

पहिली पायरी: इंदूरला झेपेल असंच झाड निवडा

सगळ्यांना फ्लायट्रॅपच हवं असतं, पण सुरुवात त्यानं करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळच्या एका छोट्या पट्ट्यातलं, त्याला थंडीत झोप लागते, आणि आपला मे महिना त्याला फार जड जातो. सुरुवात ड्रॉसेरा बर्मानी नावाच्या दवबिंदूनं करा. हे आपल्या देशातलंच, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं चपटं लालसर फूल असावं तसं दिसतं, उन्हाळा सोसतं, आणि वर्षभरात म्हातारं होऊन मेलं तरी जाताजाता इतकं बी टाकतं की त्याच कुंडीत पुढची पिढी उगवून येते. त्याचं बी बारीक काळं, पिकलं की कागदावर झटकून ठेवा.

दुसरी घटपर्णी, नेपेंथिस, जिच्या पानाच्या टोकाला किडे पकडणारा घडा असतो. नर्सरीत जी मिळते ती बहुतेक वेळा व्हेंट्राटा नावाची संकरित जात असते, बरीच सोशिक आहे. मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही भारतातली एकमेव रानटी घटपर्णी, ती कायद्यानं संरक्षित आहे, जंगलातून उपटून आणलेली कुणी विकत असेल तर घेऊ नका. कास किंवा पचमढीहून ड्रॉसेरा उपटून आणणं पण नको, तिथे त्याला जे पाणी मिळतं ते आपण देऊ शकत नाही, ते मरणारच आणि तिथलंही गेलं. ऑनलाइन निळ्या-जांभळ्या फ्लायट्रॅपचं बी म्हणून जे विकतात ते फसवं असतं, तसा रंग त्या झाडात नाहीच, आणि खरं बी लावलं तरी पूर्ण वाढायला तीनचार वर्षं जातात. रोपच घ्या.

दुसरी पायरी: पाणी, आणि इथेच सगळ्यात जास्त झाडं जातात

जलूदहून नर्मदेचं पाणी आपल्या नळाला येतं ते आपल्या पोटाला उत्तम, या झाडांच्या मुळांना नाही. त्यात विरघळलेले क्षार असतात, बोअरिंगच्या पाण्यात तर फारच, तुमच्या बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तो बघा. ही मुळं अशा जागी वाढलेली की जिथे क्षार नसतातच, त्यामुळे क्षारांपासून स्वतःला वाचवायची सोय त्यांच्यात जवळजवळ नाही. पाणी उडून जातं, क्षार कुंडीत राहतात, दर आठवड्याला थोडे साठत जातात, आणि दोनतीन महिन्यांनी मुळं जळतात. झाड एकदम मरत नाही म्हणून कारण लक्षातच येत नाही.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, घ्या, दोनतीनशे रुपयांत मिळतो. आकडा ५० च्या खाली हवा, तेवढंच बघायचं. पाणी उकळून काही होत नाही, पाणी आटतं आणि क्षार तेवढेच राहतात. आरओचं पाणी चालेल का, तर मोजून बघा, हल्ली बऱ्याच मशीनमध्ये चव यावी म्हणून क्षार परत मिसळतात आणि आकडा शंभराच्या वर जातो. आरओचं फेकायचं पाणी तर चुकूनही नको, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात.

सगळ्यात छान पाऊस. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत गच्चीवर स्वच्छ टब ठेवा, पहिले एकदोन पाऊस जाऊ द्या कारण त्यात धूळ असते, मग झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवा, दोनचार छोट्या कुंड्यांना ५० लिटर बरेच महिने पुरतं, झाकण मात्र घट्ट हवं नाहीतर डास होतील. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी पण चालतं, तेही मीटरनं बघून. आणि अगदीच काही नसेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दुकानात विचारून घ्यायचं की नुसतं पाणीच आहे ना, अ‍ॅसिड नको.

घालायचं कसं, तर ड्रॉसेरा आणि फ्लायट्रॅपच्या कुंडीखाली बशी ठेवून त्यात १ ते २ सेंटीमीटर पाणी कायम ठेवा, वरून नाही घालायचं, वरून घातलं की पानांवरचे चिकट थेंब धुऊन जातात. घटपर्णीला उलट, बशीत पाणी साठलेलं नको, वरून घालून निथळू द्यायचं, तिची मुळं सारखी बुडाली की कुजतात. तिच्या घड्यातलं पाणी घरी आणताना सांडलं असेल तर प्रत्येक घड्यात बोटभर शुद्ध पाणी घाला, बाकी ती स्वतः करेल.

तिसरी पायरी: माती

इंदूरचं नाव जगभर ज्या गोष्टीमुळे शेतीच्या लोकांना माहीत आहे ती म्हणजे कंपोस्टची इंदूर पद्धत, अल्बर्ट हॉवर्डनी इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये १९२४ नंतरच्या वर्षांत बसवलेली. मला त्याचा मनापासून अभिमान आहे आणि माझ्या बाकीच्या कुंड्या त्याच कंपोस्टवर आहेत, पण या झाडांना त्यातला एक चमचा पण नको. आपली काळी माती पण नको, तिच्यात चुन्याचे खडे असतात, ती अल्कधर्मी असते, आणि नको तितकी सकस असते.

पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा भुसा) दोन भाग आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) एक भाग, झालं. पीट घेताना पाकिटावर खत मिसळलंय का ते वाचा, बऱ्याच पाकिटात मिसळलेलं असतं, ते परत ठेवा. परलाइट ओलं करूनच मिसळा, कोरडं असताना त्याची धूळ नाकात जाते. कोकोपीट मी सुचवत नाही, त्यात मीठ असतं, तेच वापरायचं असेल तर तीनचार दिवस शुद्ध पाण्यात भिजवून, पिळून, परत भिजवून, मीटरवर आकडा उतरेपर्यंत धुवावं लागतं आणि एवढ्या शुद्ध पाण्याचं गणित जमत नाही. बांधकामाची वाळू नको. घटपर्णीला स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं लांब धाग्यांचं शेवाळ) आणि परलाइट, थोडे सालीचे तुकडे, म्हणजे हवा खेळती राहते. कुंडी प्लास्टिकची, मातीच्या कुंडीतून क्षार उतरतात. वर्ष दीड वर्षानं हे सगळं बदलायचं, जानेवारी संपता संपता.

चौथी पायरी: ऊन आणि मालव्याचे तीन ऋतू

ड्रॉसेरा नीट उन्हात आहे की नाही हे त्याचा रंगच सांगतो, लाल झालं आणि प्रत्येक केसावर थेंब चमकतोय तर ठीक, हिरवंगार लांबुळकं आणि कोरडं झालं तर ऊन कमी. सकाळचं चारपाच तास ऊन हवं. नवीन आणलेलं झाड पार्सलमध्ये थेंब गमावून बसतं, घाबरू नका, दोन आठवडे द्या, नवीन पानांवर येतील.

एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा कठीण. पारा ४० च्या वर, वर लू. ५० टक्क्याची हिरवी नेट लावा, कुंडी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर ठेवू नका, वीट किंवा लाकडी पाटावर ठेवा, आणि छोटी प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या जागेत ओली वाळू भरली की मुळं बरीच थंड राहतात, आतल्या कुंडीचं तळ मात्र त्या वाळूला लागू देऊ नका, तिथे बशी हवी. घटपर्णीला उन्हाळ्यात घडे येत नाहीत, असलेले सुकतात, लोकांना वाटतं झाड गेलं. पान हिरवं आहे ना, मग ते जिवंत आहे, हवेत ओल नाही म्हणून पानाच्या टोकाचा घडा बनत नाहीये. कूलर चालतो त्या खोलीत खिडकीशी टांगा, तिथल्या हवेत ओल असते. जुलैत बाहेर काढा आणि मग बघा, पानाच्या टोकाचा दोरा लांबतो, टोक वर वळतं, फुगतं, आणि एक दिवस झाकण उघडतं.

थंडीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा ८-१० वर येतो, फ्लायट्रॅपला हेच हवंय. त्याला तीनेक महिने विश्रांती लागते, या दिवसांत ते खुजं होतं, जुनी पानं काळी पडतात, ती कात्रीनं काढा, गच्चीच्या उत्तरेकडच्या भिंतीशी ठेवा, बशीतलं पाणी कमी करा, नुसतं ओलं राहिलं पाहिजे, आणि खायला काहीही घालू नका. घरात गरम ठेवून वर्षभर जागं ठेवलंत तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते थकून मरतं. मार्चमध्ये फुलाचा दांडा आला तर कापा, लहान झाडाची सगळी ताकद त्यात जाते.

पाचवी पायरी: खायला घालणं

ड्रॉसेरावर बारीक चिलट बसतं ते एकदा भिंगातून बघाच. पाय थेंबाला लागतो, सोडवायला धडपडतं, त्या धडपडीनं आणखी दोन केसांना चिकटतं, आणि शेजारचे केस त्याच्याकडे वाकायला लागतात. बर्मानीचे कडेचे लांब केस तर काही सेकंदांत आत वळतात, डोळ्यांदेखत. किड्याला श्वास घ्यायची भोकं अंगावर असतात, ती चिकट द्रावानं बुजतात आणि तो गुदमरतो. मग तेच केस पाचक रस सोडतात, चारपाच दिवसांत आतलं सगळं विरघळून पानात शोषलं जातं आणि उरतं ते नुसतं कवच, ते पावसात धुऊन जातं.

फ्लायट्रॅपचं तंत्र वेगळं. पानाच्या प्रत्येक पाळीवर आत साधारण तीन बारीक केस असतात. एकदा स्पर्श झाला तर काही होत नाही, कारण तो पावसाचा थेंब किंवा काडी असू शकते. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला की पाळ्या सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतात. तरी अजून पचन सुरू नाही, आत किडा धडपडत राहिला, केस अजून हलत राहिले, तरच सापळा घट्ट बंद होतो आणि रस सुटतो. म्हणून मुलांना सांगा की बोट घालून खेळायचं नाही. रिकामा मिटून परत उघडायला झाडाला ताकद लागते आणि एक सापळा काही मोजक्या वेळाच चालतो, मग काळा पडतो. आणि म्हणूनच मेलेला किडा नुसता टाकून उपयोग नाही, मिटल्यावर बोटांच्या चिमटीत बाहेरून हळूच अर्धा मिनिट दाबत सोडत राहा, आतले केस हलतील.

गच्चीत बाहेर असेल तर वेगळं काही घालायची गरज नाही, इंदूरच्या पावसाळ्यात चिलटांना तोटा नाही. घरात असेल तर तीनचार आठवड्यांतून एकदा, एका झाडाच्या एका-दोन सापळ्यांना, सापळ्याच्या एक तृतीयांश आकाराचा किडा. किडे पकडणं नको वाटत असेल तर माशांना घालतात ते वाळलेले ब्लडवर्म भिजवून कणभर ठेवा. मटण, पनीर, दूध, डाळ काहीही नको, त्यातली चरबी पचत नाही, बुरशी येते, पान कुजतं. मातीत खत कधीच नाही. पानातून दिलेलं मात्र खरंच अंगी लागतं, चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानं १८७८ मध्ये ड्रॉसेराची काही झाडं मांसाचे कण भरवून आणि काही उपाशी ठेवून वाढवली होती, तर भरवलेल्यांना कितीतरी जास्त बी धरलं. उपाशी झाड जगतं, पण पुढची पिढी कमी देतं.

डास कमी होतील म्हणून कुणी आणत असेल तर तसं होणार नाही, एवढ्याशा झाडाला महिन्यात चारदोन किडे पुरतात.

आता कुंपणाकडे: अमरवेल

अमरवेलीचं बी जमिनीत रुजतं तेव्हा तिच्याकडे मूळ नावापुरतं आणि पान नाही, बियातली शिदोरी थोडेच दिवस पुरते, तेवढ्यात यजमान सापडला नाही तर ती मेली. मग ती आंधळी फिरते का, तर नाही. २००६ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी दाखवलं की तिच्या एका जातीची कोंबं टोमॅटोच्या वासाच्या दिशेनं वाढतात, झाड दिसत नसलं तरी नुसत्या वासावर. एकदा फांदीला वेढा पडला की जमिनीशी संबंध तुटतो, आणि म्हणूनच तिचं मूळ शोधून उपटू हा विचार फुकट आहे, मूळ नसतंच.

ड्युरांटा, मेंदी, बोर, अडुळसा, कण्हेर यांवर बघा. वेलीचा एक तुकडा फांदीपासून हळूच सोडवा, जिथे चिकटलाय तिथे ओळीनं बारीक फुगीर उंचवटे दिसतील, ओढताना ते चटचट तुटतात आणि फांदीवर ओले ठिपके राहतात. तीच चूषक मुळं, आणि तुटलेला भाग अजूनही फांदीच्या आत आहे. त्यामुळे नुसती वेल ओरबाडून फायदा नाही. वेढा असलेली प्रत्येक डहाळी वेढ्याच्या वीतभर खालून कापा, हिरवळ जाईल, ड्युरांटा परत फुटतो, मन घट्ट करून कापा. दर दोन आठवड्यांनी बघा, बोटभर तुकडा राहिला तरी परत पसरतो. फुलं, छोट्या पांढुरक्या घंटा, दिसायच्या आत करा कारण बी जमिनीत दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त टिकतं. कात्री स्पिरिटनं पुसा, ही वेल एका झाडाचे विषाणू दुसऱ्यात नेते.

कापलेलं सरळ ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका, रस्त्याकडेच्या झाडावर तर अजिबात फेकू नका, आमच्या गल्लीत तसंच झालं आणि आज चार घरांच्या कुंपणावर ती आहे. गच्चीवर जुन्या चादरीवर पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि मग कचऱ्याच्या गाडीत द्या. आणि औषध म्हणून कुणी काढा करून प्यायला सांगत असेल तर नको, ती ज्या झाडावर चढते त्यातले पदार्थ तिच्यात उतरतात, आणि कण्हेर विषारी आहे.

आंब्यावरचं बांडगूळ

महू, मानपूरकडे ज्यांची आंब्याची झाडं आहेत त्यांनी खाली उभं राहून वर बघा. आंब्याच्या पानांत एखादा झुपका वेगळाच वाटेल, पान जाड, राखाडी-हिरवं, टोक बोथट, आणि चुरगळलं तर आंब्याचा वास येत नाही. लांब नळीसारखी नारिंगी-लाल फुलं असतील तर शंकाच नको. फांदीला जोडलेल्या ठिकाणी मोठी गाठ असते, गाठीच्या पुढची आंब्याची फांदी हळूहळू बारीक होत वाळते, कारण बांडगूळ कोरड्या दिवसांतही पाणी ओढायचं थांबवत नाही.

बी कसं पोचतं ते फार सुंदर आहे. फुलटोच्या नावाचा चिमणीहूनही छोटा पक्षी त्याचं फळ खातो, बी इतकं चिकट की विष्ठेतून बाहेर येताना अंगाला चिकटून राहतं आणि पक्षी ते फांदीवर घासून काढतो. म्हणजे पेरणी थेट फांदीवर.

काढताना उपटू नका, लाकडात गेलेला भाग परत फुटतो, शिवाय फांदीवरून त्याची धावती मुळं पुढे जाऊन आणखी ठिकाणी घुसतात. गाठीच्या फूटभर खालून फांदीच कापा, फळं पिकायच्या आत. खोडावरच असेल तर गाठ खोलवर तासा आणि दर वर्षी फूट काढत राहा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी लागू नये म्हणूनचा लेप, १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र, सगळं मिळून १ लिटर पाणी, लोखंडी बादली वापरायची नाही.

पण रस्त्याकडच्या किंवा रानातल्या झाडावर एखाददुसरं असेल तर मी हात लावणार नाही. सूर्यपक्षी त्याच्या फुलांवर येतात, आणि हळदीकुंकू हे आपलं पिवळं-लाल-पांढरं फुलपाखरू अंडी घालतं ती बांडगुळाच्याच पानांवर, त्याच्या अळ्या दुसरं काही फारसं खात नाहीत. सगळी बांडगुळं काढलीत तर ते फुलपाखरू पण गेलं.

जमिनीखालचे: टारफुला आणि बंबाखू

ही दोन पिकांच्या मुळांवर जगणारी तणं, ज्वारीत टारफुला, आणि मोहरी, तंबाखू, वांगी, टोमॅटोत बंबाखू. ग्वाल्हेर-मुरैनाकडे मोहरीच्या शेतात हा बंबाखू मोठीच डोकेदुखी आहे. दोघांचं बी धुळीएवढं, आणि यजमानाचं मूळ जवळ आल्याशिवाय रुजतच नाही, वर्षानुवर्षं पडून राहतं. कळतं कसं, तर झाडाची मुळं जमिनीतल्या उपयोगी बुरशीला बोलवायला एका गटातली द्रव्यं सोडतात, स्ट्रिगोलॅक्टोन, आणि हे चोर तीच हाक ऐकून उठतात. यातलं पहिलं द्रव्य १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून मिळालं. कापसावर टारफुला जगत नाही, पण कापसाच्या हाकेनं त्याचं बी उठतं आणि यजमान न मिळून मरतं, म्हणून ज्वारीच्या शेतात मधे कापूस घेतला की टारफुला कमी होतो. परसात वांग्याच्या बुडाशी पान नसलेला फिकट जांभळट तुरा दिसला तर तो बंबाखू, फूल उमलायच्या आत उपटून जाळा, आणि पुढची दोनतीन वर्षं त्या जागी वांगी-टोमॅटो नको, मका किंवा कांदा लावा.

आणि एक परजीवी जो मुद्दाम लावायचा: चंदन

चंदन परजीवी आहे हे सांगितलं की लोक चकित होतात. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चूषकांनी धरतात आणि पाणी, क्षार घेतात. म्हणून अंगणात एकटं चंदन लावलं, भोवती सिमेंट, तर ते पिवळं पडून खुजं राहतं आणि आपण खत घालत बसतो, खताची अडचणच नसते.

रोप घेतानाच बघा की पिशवीत सोबत दुसरं काही लावलंय का, चांगल्या नर्सरीत आल्टरनँथेराची काडी असते, ती तण समजून उपटू नका. जुलैत लावा. काळ्या मातीत पाणी साठतं आणि चंदनाला ते मुळीच सोसत नाही, त्यामुळे खड्ड्यात मुरूम आणि वाळू मिसळून दीडेक फूट उंच वरंब्यावर लावा. शेजारी दीड फुटावर तुरीचं बी टाका, दोन बाजूंना, तूर हवेतला नायट्रोजन धरते आणि चंदन तिच्याकडून घेतं. तूर दोनेक वर्षांत संपते, तोवर कायमचा यजमान उभा राहायला हवा, म्हणून पहिल्याच वर्षी सहा-आठ फुटांवर करंज किंवा सुरूचं झाड लावून ठेवा. लहानपणी चंदनाला थोडी सावली चालते पण तूर डोक्यावर चढली तर तिचे शेंडे खुडा, चंदनाच्या खांद्यापर्यंतच ठेवा. दोघांच्या मधे कुदळ चालवायची नाही, तण हातानं काढा, कारण ते जोड जमिनीत फार वरवर असतात आणि एका घावात तुटतात.